मदत हवी आहे : सेलिंगच्या राष्ट्रीय खेळाडूला सरकारी अर्थसाहाय्य कसं मिळेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही वेंगुर्ल्याचे. माझी भाची सेलिंग करते, म्हणजे एकट्याने चालवायच्या शिडाच्या होडीच्या शर्यती. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत आयएलसीए ४ या होडीच्या प्रकारात तिला पदक मिळालं आणि आता शिबिरासाठी नाव आलंय. भावोजींची गिलनेटची होडी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि बाकीचं वर्ष दर्या देईल तसं. आजवर मुंबईच्या क्लबने होडी दिली, प्रवास-खाणं घरच्यांनी सांभाळलं. इथून पुढे ते झेपणारं नाही.

कारण असं की तिची उंची-वजन वाढलं, त्यामुळे आयएलसीए ६ वर जावं लागतंय. ऑलिंपिकला मुलींसाठी तोच प्रकार. होडीचं अंग तेच राहतं, पण डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलतं, ४.७ चौरस मीटरचं शीड पावणेसहापर्यंत जातं. सध्या सरावाला मिळालंय ते कुणीतरी वापरून ठेवलेलं. नवीन शिडाची घडी उलगडली की जाड कागदासारखी करकरते. हे पार मऊ पडलंय. वाऱ्याकडे तोंड करून चढायचं म्हटलं की शीड फुगतं आणि होडी बाजूला ढकलली जाते. पोरगी जिवाचं रान करते, तरी हातभर मागेच राहते, आणि निकालात दिसतो तो फक्त नंबर.

मी वाचलं ते एवढं : केंद्राच्या टॉप्स योजनेत (ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठीची) मुख्य गटाला महिना ५०,००० आणि डेव्हलपमेंट गटाला २५,००० रुपये हातखर्च, शिवाय साहित्य नि परदेशातल्या सरावाचा खर्च वेगळा. खेलो इंडियात निवड झालेल्याच्या खात्यात महिना १०,००० येतात, बाकीची रक्कम प्रशिक्षणावर खर्च होते. राज्याच्या मिशन लक्ष्यवेध या खेळाडू घडवण्याच्या योजनेतल्या १२ खेळांत सेलिंग आहे हे कळलं तेव्हा घरात सगळ्यांना हुरूप आला.

पण यातलं आधी कुठलं दार ठोठवायचं? टॉप्ससाठी आपण स्वतः अर्ज करू शकतो का? आणि साहित्य जुनं विकत घेतलं तर पावती नसते, मग तो खर्च कुठे दाखवायचा?

एक सांगावंसं वाटतं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने आयएलसीए ४ मध्ये रौप्य जिंकलं. मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावावर शिकलेली. तिथल्या सरकारने सेलिंगची शाळा काढली म्हणून ते जमलं. आपल्याकडे सातशेहून अधिक किलोमीटरची किनारपट्टी आहे, वारा ओळखणारी पोरं घराघरात आहेत. स्वप्निल कुसाळेला पॅरिसच्या कांस्यानंतर राज्याने १ कोटी जाहीर केले, फार बरं वाटलं. पण पदकाच्या आधीची दोन-तीन वर्षं खेळाडूने कशी काढायची, हाच आमचा प्रश्न आहे.

प्रतिसाद (रत्नागिरी)

दादा, माझी मुलगी नेमबाजी करते, म्हणून अनुभवाने सांगते. टॉप्सचा अर्ज आपण भरायचा नसतो. कामगिरी बघून नावं पुढे जातात आणि मिशन ऑलिंपिक सेल, म्हणजे केंद्राची निवड समिती, ठरवते. म्हणून आधी पाया पक्का करा. एनएसआरएस या खेळाडूंच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करून तिचा आयडी काढा. बँक खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. जन्मदाखला, आधार, प्रमाणपत्र, तिन्हीकडे नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. आमचे चार महिने एका वेलांटीपायी गेले. मिशन लक्ष्यवेधसाठी ओरोसला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आणखी एक, खोकल्याचं औषध मनाने देऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, ते खेळाडूंना बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत आहे. एवढ्या कष्टांवर पाणी पडायला नको.

प्रतिसाद (मालवण, निवृत्त नौसैनिक)

नुसतं प्रमाणपत्र जोडू नका, यॉटिंग असोसिएशनकडून, म्हणजे सेलिंगच्या संघटनेकडून, पूर्ण निकालपत्रक घ्या. किती होड्या होत्या, प्रत्येक शर्यतीत ती कितवी आली, हे त्यात दिसतं. ३० होड्यांतलं तिसरं आणि ५ होड्यांतलं तिसरं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. परदेशातल्या स्पर्धेचा प्रस्ताव कधी केलात तर होडीचं भाडं वेगळं लिहा. होडी सहसा तिथेच भाड्याने घ्यावी लागते आणि तोच खर्च लिहायचा राहतो.

जुन्या साहित्याला पावती नसली तर सरकारी परताव्याची आशा धरू नका. अनुदान मागायचं तर नव्या शिडासाठीच मागा, जीएसटीच्या कोटेशनसकट. दरम्यान ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टलाही लिहून बघा. गीत सेठी आणि प्रकाश पडुकोण यांनी उभी केलेली ही संस्था ज्युनिअर खेळाडूंनाही हात देते. चेडवाक आमचो आशीर्वाद सांगा.

धागाकर्ता

ताई, काका, मनापासून आभार. आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळंच निघालं, उद्याच दुरुस्तीला जातो. सोमवारी ओरोस. काका, नव्या शिडाचं कोटेशन भारतात कुठल्या विक्रेत्याकडून घ्यावं, ते तेवढं सांगाल का?