फॉर्म डिझायनरने बेसिकचा कोड लिहावा का?

जुनी_फ्लॉपी

गेल्या दिवाळीपासून रात्रीचं जेवण झालं की फ्रीबेसिकसाठी (बेसिक भाषेचा फुकट कंपायलर) एक फॉर्म डिझायनर, म्हणजे प्रोग्रामच्या खिडक्या माउसने आखायचं टूल, लिहीत बसतो. विंडोजपुरताच. बटण ओढायचं, फॉर्मवर सोडायचं, कडेचे आठ ठिपके धरून ताणायचं, उजवीकडे प्रॉपर्टींची यादी. १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आलं तेव्हापासूनचाच हा खेळ, त्यात माझी अक्कल काही नाही.

हे का करतोय? फ्रीबेसिकमध्ये साधी विंडो उघडायची तर विंडो क्लास नोंदवा, मेसेज लूप फिरवत ठेवा, आणि प्रत्येक बटणासाठी क्रिएटविंडोएक्स या विंडोजच्या फंक्शनला बारा आर्ग्युमेंट्स मोजून द्या. त्यातले चार नुसते आकडे: डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. मी ते अंदाजाने भरतो, चालवतो, बटण टेक्स्टबॉक्सच्या डोक्यावर बसलेलं दिसतं, बंद करतो, १२० चे १३४ करतो, परत चालवतो. हे काम माणसाने करायचं नाही.

आता वादाचा मुद्दा. माझा डिझायनर वेगळी फॉर्म फाइल ठेवत नाही. तो सरळ बेसिकचा कोड लिहितो, आणि फाइल पुन्हा उघडली की तोच कोड वाचून फॉर्म परत काढतो. एकच फाइल. ज्याच्याकडे माझं टूल नाही तोही ती कंपाइल करू शकतो. उद्या मी कंटाळून हे सोडलं तरी कुणाचं काही अडणार नाही. व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती) वाल्यांचं काय झालं बघा. आयडीईचा, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामचा, सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपला आणि शेकडो फॉर्म त्या आयडीईत कोंडून पडले.

मतं सांगा. शिव्याही चालतील, पण कारणासकट.

नोटपॅडवाला

आधी एक भाबडा प्रश्न. फ्रीबेसिकसाठी डिझायनरवाला व्हिज्युअलएफबीएडिटर आहे, तो स्वतःच फ्रीबेसिकमध्ये लिहिलेला आहे आणि लिनक्सवरही चालतो. विनएफबीई आहे, त्यातही डिझायनर आहे. तिसरी चूल कशाला? बेसिकवाले उरलेत मूठभर, आणि त्यातला प्रत्येक जण स्वतःचा डिझायनर लिहितोय. वापरायला कुणी उरलंय का?

जुनी_फ्लॉपी

दोन्ही वापरून झालेत, चांगले आहेत. पण दोघांच्याही फॉर्ममागे त्यांचं त्यांचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. मला असा कोड हवाय ज्याला विंडोजच्या हेडरखेरीज काहीच लागत नाही. बाकी चुलीचं खरं आहे. छंद आहे, घरचे रागावतात.

दहा_वीस_तीस

मुळापासून असहमत.

बेसिक १९६४ साली डार्टमथ कॉलेजात आली. केमेनी आणि कुर्ट्झ यांना विज्ञान-इंजिनिअरिंग सोडून इतर विषय शिकणाऱ्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरू द्यायचा होता. ओळ लिहा, रन म्हणा, उत्तर बघा. फॉर्मचा संबंधच नव्हता. आणि ज्या डिझायनरचे गोडवे आपण गातो तो बेसिकच्या पोटचा नाहीच. ॲलन कूपर या प्रोग्रामरने विंडोजसाठी 'ट्रायपॉड' नावाचं शेल (प्रोग्राम उघडायचा दर्शनी भाग) बनवायचं टूल लिहिलं, मायक्रोसॉफ्टने ते १९८८ मध्ये विकत घेतलं, त्याचं नाव 'रुबी' झालं आणि नंतर त्याला बेसिक जोडली. ठरवून केलेलं लग्न. टिकलं, पण सासर-माहेर वेगळं ते वेगळंच.

मी काही वर्षं बी.सी.एस.च्या मुलांचं व्हीबीचं प्रॅक्टिकल घ्यायचो. प्रोजेक्ट तपासायला बसलं की कमांड१ ते कमांड१४ ही व्हीबीने आपोआप दिलेली बटणांची नावं, आणि अख्खा प्रोग्राम त्या क्लिकमध्ये कोंबलेला. व्याजाचं सूत्र तीन बटणांत तीनदा, त्यातलं एक चुकलेलं. 'प्रोग्राम काय करतो?' विचारलं की मुलं फॉर्म दाखवायची. आधी चित्र काढायला दिलं की माणूस चित्रातच विचार करतो. चार आकडे हाताने भरावे लागतात म्हणून तरी तुम्ही बटणं कमी ठेवता.

जुनी_फ्लॉपी

सर, सूत्र तीन ठिकाणी चिकटवा असं डिझायनरने सांगितलं नव्हतं. फंक्शन काय असतं ते पहिल्या प्रॅक्टिकलला शिकवायचं असतं. (हलके घ्या.)

आणि बारा आर्ग्युमेंट्स भरून शिस्त लागत असती तर माझा जुना कोड तुम्हाला दाखवला असता.

दुपारची_पाळी

मी एका पतसंस्थेचं व्हीबी ६ मधलं सॉफ्टवेअर सांभाळते. साठेक फॉर्म आहेत. म्हणून या धाग्यावर मला बोलायचा थोडा जास्त हक्क आहे असं समजते.

डिझायनर हवाच. दहा_वीस_तीस यांनी कॅशियरला येऊन सांगावं की बटणं कमी ठेवली आहेत, शिस्त लागेल.

पण धागाकर्त्यांचं व्हीबीबद्दलचं उदाहरण उलटं आहे. व्हीबी ६ ची फॉर्म फाइल साधा मजकूर असते. वर 'बिगिन व्हीबी डॉट फॉर्म' पासून 'एंड' पर्यंत वर्णन, खाली तुमचा कोड. फक्त चित्रंबित्रं शेजारच्या बायनरी फाइलमध्ये जातात. आयडीई ते वर्णन लपवते म्हणून लोकांना वाटतं की कोंडलंय. मी चाळीस फॉर्ममधली एक कॅप्शन नोटपॅडमधून एका फटक्यात बदलली आहे. आज ट्विनबेसिक हे नवं बेसिक व्हीबी ६ ची प्रोजेक्टं उघडू शकतं ते याच्याच जोरावर. वर्णन कुणीही वाचू शकतं. कोड वाचायचा म्हणजे अर्धा कंपायलर लिहायचा.

एक सोपी परीक्षा घ्या. तुम्ही लिहून दिलेल्या कोडमध्ये मी जाऊन फॉर-नेक्स्टचा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) लावून कॅलेंडरची ३१ बटणं तयार केली. आता फाइल परत उघडा. तुमचा डिझायनर काय काढणार? एक बटण? ३१? की माझा लूपच खाऊन टाकणार?

हे सगळं मायक्रोसॉफ्टने करून पाहिलं आहे. २००२ च्या व्हीबी डॉट नेटमध्ये (व्हीबी ६ नंतरची आवृत्ती) डिझायनरचा कोड तुमच्याच फाइलमध्ये घडी घालून ठेवलेला असायचा, वर 'यात हात घालू नका' ही सूचना. लोक हात घालायचेच. २००५ मध्ये तो वेगळ्या डिझायनर फाइलमध्ये हलवला.

आणखी एक. कंट्रोलचं नाव बदललं की काय करणार आहात? व्हीबी ६ मध्ये बटणाचं नाव बदललं की जुन्या नावाची क्लिक सबरूटीन (बटण दाबल्यावर चालणारा कोड) 'जनरल' या सर्वसाधारण भागात अनाथ पडून राहते. एरर नाही, काही नाही. कर्जखात्याच्या फॉर्मवरचं 'नोंदवा' बटण दोन दिवस मुकं होतं. नाव बदलणारी मीच, त्यामुळे ओरडायचं कुणावर हाही प्रश्नच.

लिनक्सकर

सगळे फाइलीवर भांडताय, आणि धागाकर्ते आकडे पिक्सेलमध्ये लिहितायत त्याकडे कुणाचं लक्ष नाही. १२० चे १३४ म्हणे!

व्हीबी ६ ट्विपमध्ये मोजायचं, इंचाला १४४० ट्विप. ९६ डीपीआयवर (इंचाला ९६ पिक्सेल) १५ ट्विपचा एक पिक्सेल. विंडोजचे जुने डायलॉगसुद्धा अक्षराच्या सरासरी रुंदी-उंचीवरून मोजतात. गंबास, म्हणजे लिनक्सवरचं बेसिक, तेच करतं. त्याच्या फॉर्म फाइलमध्ये 'मूव्हस्केल्ड' असतं, आकडे डेस्कटॉपच्या फॉन्टवर अवलंबून. फॉन्ट मोठा केला की फॉर्म आपोआप मोठा. तुमचा पिक्सेलवाला फॉर्म १५० टक्के स्केलिंगच्या लॅपटॉपवर उघडला तर विंडोज तो ताणून धूसर करणार. तुम्ही 'मी डीपीआय सांभाळतो' असं जाहीर केलंत तर धूसर होणार नाही, पण मग सगळा गुणाकार तुमच्या गळ्यात.

त्यात मराठी. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार. इंग्रजी कॅप्शनच्या मापाने बेतलेल्या लेबलात निर्मला फॉन्ट घाला किंवा मंगल, खालचा भाग कापला जातो. 'मुद्दल'चं 'मद्दल' होतं.

दुपारची_पाळी

+१. आमच्याकडे तर त्याच्या आधीचंच रडगाणं. व्हीबी ६ ची मूळ कंट्रोल्स युनिकोड दाखवतच नाहीत, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. म्हणून त्या काळी सगळ्यांनी जुन्या, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट वापरले. ती फॉर्म फाइल आज नोटपॅडमध्ये उघडली की कॅप्शन म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. सभासदांची नावंही तशीच साठवलेली. फॉर्म बदलणं एक वेळ परवडलं, नावं बदलणं नाही.

तर धागाकर्ते, तुमची फाइल यूटीएफ-८ मध्ये बीओएमसकट (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) लिहिता ना? बीओएम नसला तर फ्रीबेसिक ती साधी बाइटची फाइल धरतो, आणि कोडमधल्या मराठी मजकुराचा चुथडा होतो.

दहा_वीस_तीस

म्हणजे चार आकडे हाताने भरायचं टाळायला आता डीपीआय, फॉन्ट, बीओएम आणि अनाथ सबरूटीन. छान चाललंय. मी चहा करतो.

जुनी_फ्लॉपी

एकेक घेतो.

बीओएम: लिहितो. ही ठेच मलाही लागून झाली आहे.

३१ बटणं: खरं सांगतो, काल रात्री करून पाहिलं. एक बटण काढलं आणि सेव्ह केल्यावर तुमचा लूप खाऊन टाकला. माफी.

पिक्सेल: लिनक्सकरांचं पटलं. आकडे फॉन्टच्या मापात ठेवेन, गुणाकार चालताना होईल. उंचीला देवनागरीसाठी जास्तीची जागा धरावी लागेल, ती किती ते दोन-तीन फॉन्ट घालून मोजतो.

पण एका फाइलचा हट्ट सोडवत नाही. म्हणून आता असं ठरवतोय: फाइलच्या वरच्या भागात कॉमेंटमध्ये फॉर्मचं वर्णन, त्याखाली तयार केलेला कोड, त्याखाली तुमचा. डिझायनर फक्त वर्णन वाचेल, कोड कधीच वाचणार नाही. कंपायलरला कॉमेंटशी देणंघेणं नाही. व्हीबीसारखंच झालं, फक्त लपवाछपवी नाही.

दुपारची_पाळी

म्हणजे एका फाइलमध्ये दोन साक्षीदार. मी मधल्या कोडमध्ये बटणाची रुंदी बदलली, वर्णन जुनंच राहिलं. कुणाचं खरं धरायचं?

जुनी_फ्लॉपी

वर्णनाचं. सेव्ह करताना मधल्या कोडचा चेकसम (कोड बदलला की बदलणारा आकडा) वर्णनात लिहून ठेवेन. उघडताना जुळला नाही तर डिझायनर सांगेल की मध्ये कुणीतरी हात घातलाय, आणि तुमचा बदल बाजूला काढून दाखवेल. न विचारता पुसणार नाही.

दुपारची_पाळी

'बाजूला काढून दाखवेल' हे आधी लिहा. बटणं ताणायचं नंतर. मी वेगळ्याच फाइलच्या बाजूने आहे, पण हे झालं तर एक फॉर्म हलवून बघेन. खातं उघडण्याचा, तो सगळ्यात लहान आहे. नाव बदलल्यावरच्या अनाथ सबरूटीनचं उत्तर अजून आलेलं नाही.

जुनी_फ्लॉपी

ते आलं नाही कारण सुचलेलं नाही. नाव बदललं की तुमच्या भागातली सबरूटीन मी बदलायची म्हणजे परत तुमचा कोड वाचणं आलं, आणि तो वाचणार नाही असं आत्ताच वर लिहून बसलोय.

नोटपॅडवाला

व्हिज्युअलएफबीएडिटरचा सोर्स उघडा आहे. त्यांनी काय केलंय ते तरी बघा की राव.