किशोरकुमारचे विनोदी सिनेमे

किशोरची गाणी ऐकावीत, पण त्याचे विनोदी सिनेमे म्हणजे नुसता पोरकटपणा, हे काही जणांचं मत मला अजिबात पटत नाही. गाणी आणि धमाल वेगळी काढताच येत नाहीत हो!

'हाफ टिकट' (१९६२) मधलं 'आके सीधी लगी दिल पे' बघा. पडद्यावर घागरा-ओढणीतला किशोर आणि त्याच्या मागे लागलेला प्राण; पण दोघांचेही आवाज किशोरचेच. बाईचा आणि पुरुषाचा दोन्ही. संगीत सलील चौधरींचं. नुसतं ऐकलं तर गंमत कळते, पण त्याचे ते मुरके आणि प्राणचं लाडात येणं पाहिलं की हसून हसून पुरेवाट होते. 'पडोसन' (१९६८) तर आहेच: सुनील दत्त खिडकीत नुसते ओठ हलवतोय आणि मागे लपून विद्यापती, म्हणजे किशोर, गातोय.

आणि 'चलती का नाम गाडी'! अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोर, हे तिघे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच. रात्रीचं गॅरेज, भिजलेली मधुबाला, आणि हा पठ्ठ्या गाडी दुरुस्त करता करता अवजारांवर ठेका धरतोय. इतकं सहज अंगात सूर भिनलेला दुसरा विनोदी नट मला तरी माहीत नाही. आमच्या घरी आजही हा सिनेमा लागला की कुणी उठत नाही.