मदत हवी आहे: फ्लास्कमध्ये मिळणारं प्रोटीन फर्मेंटरमध्ये मिळत नाहीये, चुकतंय कुठे?

नमस्कार मंडळी,

बायोटेक्नॉलॉजीचं मास्टर्स करतेय, दोन वर्षांचा कोर्स, प्रॅक्टिकलवर भर असलेला. लेक्चर्स आहेतच, पण निम्म्याहून जास्त मार्क लॅबवर्कला, प्रोसेस रिपोर्टला आणि शेवटच्या सेमिस्टरच्या सहा महिन्यांच्या इंडस्ट्री ट्रेनिंगला. हाच कोर्स मी मुद्दाम घेतला, कारण डिग्रीच्या वर्षांत पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) तोंडपाठ झाला होता, ९५ ला डिनेच्युरेशन, ७२ ला एक्स्टेन्शन, सगळं, पण स्वतःच्या हातानं तो लावला फक्त दोनदा, तेही चौघांत मिळून. मला हात चालवायला शिकायचं होतं. आता हात चालतायत पण डोकं अडकलंय, म्हणून इथे विचारतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

प्रोजेक्ट असा आहे की एक एन्झाइम ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवायचं, हिस टॅग (निकेलला चिकटणारी छोटी शेपटी) लावलेलं, साधारण ३५ किलोडाल्टनचं, आणि ते आधी फ्लास्कमध्ये जमवून मग ५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे हवा, तापमान, पीएच कंट्रोल करता येणाऱ्या भांड्यात न्यायचं. स्ट्रेन बीएल२१ डीई३. फ्लास्कमध्ये पहिल्याच महिन्यात जमलं. ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली मीडिया, ३७ डिग्रीला ओडी (कल्चर किती दाट झालं त्याचं माप) ०.६ पर्यंत वाढवायचं, फ्लास्क बर्फात गार करायचा, ०.५ मिलिमोलर आयपीटीजी (पेशींना प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) घालायचं आणि रात्रभर १८ डिग्रीला शेकरवर ठेवायचं. सकाळी सेल फोडून स्पिन केलं की वरच्या द्रवाचा जेलवर जाड बँड, म्हणजे प्रोटीन भरपूर आणि विरघळलेलं, निकेल कॉलमवरून २५० मिलिमोलर इमिडॅझोलला सुंदर उतरतं. तीनदा केलं, तिन्ही वेळा आलं.

मग फर्मेंटर. ३ लिटर मीडिया, पीएच ७ ला कंट्रोल, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) ३० टक्क्यांच्या वर ठेवायचा असं ठरलेलं. इथे मोठं भांडं आहे, हवा आणि ग्लुकोज दोन्ही जास्त आहे म्हणून ओडी ०.६ ला न थांबता ६ पर्यंत वाढवलं, मग तापमान १८ केलं, आयपीटीजी घातलं. तोपर्यंत फेस एवढा चढला की बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर ओला व्हायला आला, घाईघाईत अँटीफोम सोडला, आणि स्क्रीनवर डीओचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत २८, १९, ११, ४ असा घसरत शून्याला टेकला. स्टरर वाढवून तो परत वर आणायला वीसेक मिनिटं गेली.

दुसऱ्या दिवशी सेल भरपूर, पिशवी भरून पेलेट (स्पिन करून खाली बसलेल्या पेशी). पण फोडून जेल लावलं तर प्रोटीन सगळं खालच्या गाळात, इन्क्लूजन बॉडी, वरच्या द्रवात नाममात्र. म्हणजे बनलंय पण नीट घडी पडलेली नाही.

ग्रुपमधल्या बाकीच्यांचं म्हणणं डीओ शून्य झाला तेच कारण, विषय संपला, पुढची बॅच करू आणि ही रिपोर्टमधून काढून टाकू. गाइडना विचारलं तर म्हणाले कारण तुम्हीच शोधा, त्यालाच मार्क आहेत. मला डीओचं कारण पटतही नाही आणि खोडताही येत नाही.

तर मला हे विचारायचंय की डीओ वीस मिनिटं शून्य राहिल्यानं एवढं होतं का, की अजून काही आहे? फसलेली बॅच रिपोर्टमध्ये घालावी का? आणि तिसरं जरा वेगळं, शेवटच्या सेमिस्टरला कंपनीत ट्रेनिंग किंवा इथेच लॅबमध्ये थिसिस असे दोन पर्याय आहेत, माझा ओढा कंपनीकडे आहे, पण तिथला डेटा गोपनीय असतो म्हणे, मग व्हायवाला दाखवायचं काय? ज्यांनी असं केलंय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. डीओ शून्य होणं वाईटच, पेशींना ऑक्सिजन मिळाला नाही की अ‍ॅसिटेट साठतं, वाढ मंदावते. ३७ डिग्रीला पाण्यात ऑक्सिजन विरघळतोच मुळात लिटरमागे ७ मिलिग्रॅमच्या आसपास, दाट कल्चर तो काही सेकंदांत संपवतं, त्यामुळे सतत आत ढकलत राहावं लागतं आणि अँटीफोममुळे हवेचे बारीक बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात, ऑक्सिजन आत जाणं कमी होतं. तुम्ही पाहिलेली घसरण त्यात बसते. पण प्रोटीन गाळात गेलंय म्हटल्यावर माझा पहिला संशय डीओवर नाही जाणार. मी आधी तापमान विचारेन. १८ केलं असं तुम्ही लिहिलंय. १८ केलं म्हणजे नक्की काय केलं? सेट केलं की झालं?

धागाकर्ती

दादा, तुमचा प्रश्न वाचून लगेच वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलंय: ५:१० तापमान १८ सेट, ५:१५ आयपीटीजी. म्हणजे मी पाचच मिनिटांत घातलं. मग फर्मेंटरचा लॉग डाउनलोड करून बघितला, तो मी आजपर्यंत उघडलाच नव्हता. ५:१५ ला आतलं तापमान ३४ होतं. ६ वाजता २६. १८ ला पोचायला ६:५० झाले. फ्लास्क बर्फात पाच-सात मिनिटांत गार व्हायचा म्हणून इथेही तेवढाच वेळ गृहीत धरला.

प्रतिसाद

तेच. वाईट वाटून घेऊ नका, स्केल-अप ज्याला म्हणतात तो सगळा विषय इथूनच सुरू होतो. १०० मिलीवरून ३ लिटरवर गेलात म्हणजे घनफळ ३० पट झालं, पण भांड्याचा आकार तसाच धरला तर पृष्ठभाग जेमतेम १० पट होतो, आणि उष्णता बाहेर जाते ती पृष्ठभागातूनच. प्रत्येक मिलीला गार व्हायला जागा एक-तृतीयांश उरली. त्यात जिवंत कल्चर स्वतःही उष्णता सोडतंय आणि तुमचं तर दाट होतं, आणि बर्फाच्या पाण्याइतकं गार पाणी जॅकेटमध्ये, म्हणजे भांड्याभोवतीच्या कवचात, नसतंच. आयपीटीजीनं चालू होणारं टी७ पॉलिमरेज हे एन्झाइम एकदा सुरू झालं की भराभर काम करतं, तुमच्या पेशींनी तासभर ३०च्या आसपास वेगानं प्रोटीन बनवलं असणार, घडी पडायला उसंत मिळाली नाही, एकमेकांना चिकटून गाळ. १८ डिग्रीचा फायदाच हा की सगळं सावकाश होतं.

पण हा माझा अंदाज झाला. तुमच्या गाइडना अंदाज नकोय, पुरावा हवाय. मधल्या वेळेचे सॅम्पल आहेत का? असतील तर उत्तर तुमच्या फ्रीजरमध्येच आहे.

धागाकर्ती

आहेत! दर तासाला १ मिली काढून, स्पिन करून, पेलेट उणे २० ला ठेवलेत. ६:१५ चा आहे, ७:१५ चा, मग सकाळपर्यंतचे. बाकीचे म्हणत होते कशाला एवढं, तरी ठेवले.

दुसरा प्रतिसाद

शाबास. मग आता असं कर, प्रत्येक वेळेचा पेलेट सारख्याच ओडीला आणून फोड, नाहीतर शेवटच्या सॅम्पलमध्ये पेशी जास्त म्हणून बँड जाड दिसेल आणि फसशील. जेलवर प्रत्येकाचे तीन लेन (पट्टे) लाव, पूर्ण, वरचा द्रव, गाळ. आणि इंडक्शनच्या, म्हणजे आयपीटीजी घालायच्या, आधीचा एक लेन विसरू नकोस. ६:१५ लाच गाळात बँड जाड असेल तर तापमानाची बाजू भक्कम झाली, आणि तो पहाटेपर्यंत हळूहळू वाढत गेलेला दिसला तर दुसरं काही शोधावं लागेल.

पण अगं, आणखी एक बघ. तू एका झटक्यात तीन गोष्टी बदलल्यास, इंडक्शनचा ओडी ०.६ चा ६ केलास, गार होण्याचा वेळ बदलला आणि डीओ बदलला. पुढच्या बॅचला ओडी ६ च ठेव, डीओचं जमेल तेवढं कर, पण मुद्दाम बदलायचं ते फक्त एक, आयपीटीजी आतलं तापमान खरंच १८ दिसल्यावर. नाहीतर ती बॅच चांगली आली तरी का आली ते सांगता येणार नाही.

फसलेल्या बॅचबद्दल माझं मत पक्कं आहे, रिपोर्टमध्ये ती घालच, आणि पुढे घाल, मागे परिशिष्टात नको. मी आधी क्वालिटी विभागात होते. तिथे बॅच बिघडली तर ती गायब करत नाहीत, डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काय झालं ते, नोंदवतात, कारण शोधतात, परत होऊ नये म्हणून काय केलं ते लिहितात. नोंद कोणी केली ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, काम होताना त्याच वेळी केलेली पाहिजे, मूळ आणि अचूक पाहिजे, हे आम्ही नव्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. चुकलं तर एक आडवी रेघ, खाली काय होतं ते दिसेल अशी, शेजारी सही आणि तारीख. तुझी ५:१० आणि ५:१५ ची नोंद त्या वेळी केलेली होती म्हणूनच आज कारण सापडतंय. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिली असतीस तर १८ डिग्रीला इंड्यूस केलं एवढंच लिहून मोकळी झाली असतीस, आणि ते खोटंही वाटलं नसतं.

तिसरा प्रतिसाद

कंपनीच्या ट्रेनिंगबद्दल. मी केलंय. गोपनीयतेचा करार असतो हे खरं, पण सही करायच्या आधीच विचारायचं की रिपोर्टमध्ये काय लिहिता येईल, परीक्षकांनीही करारावर सही केलेली चालेल का, आणि मसुदा तपासून द्यायला कंपनीला किती दिवस लागतात. हे शेवटी विचारलं तर वांधे होतात, माझ्या बॅचमधल्या एकीचा सबमिशनचा महिना त्यातच गेला. बऱ्याचदा स्ट्रेनचं नाव आणि मीडियाचं प्रमाण झाकून, आकडे टक्क्यांत देऊन काम भागतं. पुढे पीएचडी करायची असेल तर मात्र लॅबच्या थिसिसचा नीट विचार कर, तिथे प्रश्न तुझा स्वतःचा असतो. कंपनीत प्रश्न त्यांचा असतो, पण तो अर्धवट टाकून चालत नाही, शेवटाला न्यावाच लागतो, आणि त्यातून जे शिकायला मिळतं ते मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण जेल लावून, दुसरी बॅच करून मगच यायचं ठरवलं होतं.

जेलमध्ये ६:१५ च्या सॅम्पललाच गाळाच्या लेनमध्ये ३५ च्या जागी ठसठशीत बँड आहे, आणि सकाळचा बँड त्याहून फार जाड नाही. म्हणजे जे व्हायचं ते पहिल्या तासातच झालं होतं. दुसऱ्या बॅचला ओडी ६ ला तापमान उतरवलं आणि थांबले. खरं सांगते, ते दीड तास थांबणं फार अवघड गेलं, हातात आयपीटीजीची सिरिंज तयार, बाकीचे घरी निघालेले, आणि आकडा २१ वर रेंगाळतोय. १८.२ दिसल्यावर घातलं. सकाळी वरच्या द्रवात बँड आला. फ्लास्कइतका नाही, अंदाजे निम्मं अजून गाळात जातंय, पण आलाय. थांबण्याच्या वेळात ओडी ८ वर गेला होता, तेही लिहून ठेवलंय, त्यामुळे बदल अगदी एकच झाला असं म्हणता येत नाही, ताई. डीओ या वेळी १२ च्या खाली गेला नाही, अँटीफोम थेंबाथेंबानं सोडला.

गाइडना दोन्ही लॉग एकावर एक ठेवून दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितले आणि म्हणाले, पहिली बॅच रिपोर्टचं पहिलं प्रकरण कर. ग्रुपमधले दोघं अजून कुरकुरतायत, पण लिहिणार मीच आहे.

कंपनीला मेल केलाय, रिपोर्टमध्ये काय चालेल ते आधीच विचारलंय, उत्तर आलं की इथेच सांगेन. आणि वहीत आता तापमानाला दोन रकाने केलेत, एक सेट केलेलं आणि एक दिसलेलं.