मदत हवी आहे: सुरक्षा परिषदेचा १९९० चा ठराव २००३ च्या इराक युद्धाला कसा लागू झाला?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये आम्ही काही जण अकरावी-बारावीच्या मुलांचं अभ्यासमंडळ चालवतो. सध्याचा विषय आहे, सरकारं लोकांना युद्धासाठी कशी तयार करतात. मी इतिहासाचा माणूस, कायदा शिकलेलो नाही. इथल्या वकील मंडळींनी कृपया मदत करावी.

टोंकिनचं आखात मुलांना पटकन कळलं. अमेरिकी जहाजांवरचा ४ ऑगस्ट १९६४ चा हल्ला मुळात झालाच नव्हता, पण तीन दिवसांत अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना व्हिएतनाममध्ये बळ वापरायची मोकळीक देऊन टाकली. सिनेटमध्ये विरोधात मतं फक्त दोन.

गाडी अडली कुवेतपाशी. ऑक्टोबर १९९० मधली नायिराच्या साक्षीची चित्रफीत लावली होती. पंधरा वर्षांची मुलगी रडत सांगते की इराकी सैनिकांनी बाळांना इन्क्युबेटरमधून काढून थंड फरशीवर मरायला टाकलं. खोलीत चिडीचूप. मग सांगितलं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी, साक्षीमागे एक जनसंपर्क कंपनी, आणि ज्यांच्यापुढे ती बोलली ती संसदेची अधिकृत समिती नसल्याने शपथही नव्हती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी ही गोष्ट जागोजागी सांगितली. पुढे ती टिकली नाही.

एका मुलीने लगेच विचारलं, "सर, म्हणजे ते युद्ध बेकायदा होतं?"

तसं म्हणता येत नाही. कुवेतवर इराकचं आक्रमण खरोखर झालं होतं आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १९९० च्या ठराव ६७८ ने बळाच्या वापराला परवानगी दिली होती. लोकांच्या गळी उतरवायला खोटं वापरलं, तरी युद्ध कायदेशीर असू शकतं. मला स्वतःला हे फार अस्वस्थ करतं, आणि मुलांपासून ते लपवायचं नाही असं मी ठरवलंय.

आता मुख्य अडचण. २००३ मध्ये ब्रिटनच्या अ‍ॅटर्नी जनरलनी (सरकारचे मुख्य कायदा सल्लागार) इराकवरच्या हल्ल्याचं समर्थन याच ६७८ वर उभं केलं. कुवेत युद्धानंतरच्या शस्त्रसंधीच्या अटींचा ठराव ६८७ इराकने मोडला, २००२ च्या ठराव १४४१ ने तसं नोंदवलं, म्हणून जुनी परवानगी पुन्हा जिवंत झाली, असा युक्तिवाद. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मात्र २००४ मध्ये ते युद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या दृष्टीने बेकायदेशीर असल्याचं सांगितलं. कुवेत सोडवण्यासाठी दिलेली परवानगी बारा वर्षांनी बगदादवर चाल करायला कशी पुरते? अटी मोडल्या की नाही हे परिषदेने ठरवायचं, की एखाद्या सदस्य देशाने परस्पर? अन्नान यांच्या मताला कायद्यात वजन किती?

सनदेचं कलम २(४) (बळाच्या वापराला मनाई) आणि ५१ (स्वसंरक्षणाचा हक्क) मुलांनी वाचलंय, त्यामुळे अगदी पहिलीपासून सुरुवात नको. सनदेचा नीट मराठी अनुवाद कुठे मिळेल तेही सांगा. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारं पुण्यातलं कुणी रविवारी सकाळी तासभर येऊ शकलं तर फारच उत्तम. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घ्यायला मी येईन.