मदत हवी आहे : वहीवरची कवटी आणि मुलाचा प्रश्न

माझा पंधरा वर्षांचा मुलगा ‘पनिशर’च्या कॉमिक्समध्ये बुडालेला असून, वहीच्या मागच्या पानावर पनिशरच्या छातीवरचे चिन्ह असलेली लांब दातांची ती कवटी त्याने इतक्यांदा गिरवली आहे की कागद फाटायला आला आहे. १९७४ मध्ये स्पायडर-मॅनच्या अंकातून आलेला, कुटुंबाच्या हत्येनंतर गुन्हेगारांना ठार मारत सुटलेला हा पनिशर, म्हणजेच फ्रँक कॅसल, त्याला (खरे सांगायचे तर मलाही) खिळवून ठेवतो. २०१९ च्या एका अंकात तो आपली कवटी मिरवणाऱ्या पोलिसांनाच ‘माझे अनुकरण करू नका’ म्हणून झिडकारतो, हे मी दाखवले, त्यावर मुलगा म्हणाला, “म्हणजे आपण चुकतोय हे त्याला कळतं, म्हणूनच तो आवडतो.” मला उत्तर सुचले नाही. बंदी न घालता हे बोलणे पुढे कसे न्यावे, हे कृपया अनुभवी वाचकांनी सुचवावे.