मदत हवी आहे: डिपरवर उसाची ट्रॉली दिसत नाही, अप्परवर समोरच्याचे डोळे दिपतात

रातपाळी:

सांगली जिल्ह्यात तासगाव, पलूस, विटा या भागातल्या रस्त्यांसाठी सल्ला हवा आहे. रस्ता दुपदरी, दुभाजक नाही, कडेची पांढरी पट्टी कुठे आहे, कुठे पुसली गेली आहे. रोज रात्री नऊनंतर साधारण ३५ किलोमीटर. गाडी छोटी हॅचबॅक, २०१४ची, एच४ हॅलोजन, मूळ ६०/५५ वॅटचे बल्ब (अप्पर म्हणजे लांबचा उजेड ६०, डिपर म्हणजे खालचा उजेड ५५).

कारखाने सुरू झाले की समोरून बहुतेक गाड्या अप्परवरच येतात. आपण दिवा लुकलुकवून खूण केली तरी खाली करत नाहीत. नेमकी तेव्हाच पुढे बिनदिव्याची उसाची ट्रॉली असेल तर ती दिसतच नाही. म्हणून "तुम्हीही अप्परच ठेवा" असं सगळे सांगतात. पण मग समोरचा मोटारसायकलवाला आंधळा होतो. हे मनाला पटत नाही.

दुकानदार एलईडी नाहीतर १००/९० वॅटचे बल्ब टाका म्हणतो. टाकावेत का? फोकस घरी सेट करता येतो का? समोरचा ऐकतच नसेल तर त्या क्षणी काय करायचं? आणि तक्रारीची काही सोय आहे का?

वायरमन_कराड:

दोन्ही टाकू नका.

एच४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, बल्ब उजेडाकडे धरलात की दिसेल. ही वाटी फिलामेंटचा खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग कामाला येतो आणि उजेड रस्त्यावर पडतो. वाटीची एक कड १५ अंशांनी तिरकी असते. त्यामुळे डावीकडे, साइडपट्टीच्या बाजूला, उजेड थोडा वर चढतो, आणि उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या बाजूला, सरळ रेषेत तुटतो. फिलामेंट अगदी मिलिमीटरच्या हिशोबात जागेवर असेल तरच हे जमतं.

एलईडीत फिलामेंटच्या जागी जाड पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप चिकटवलेल्या असतात. रिफ्लेक्टर बनवलेला असतो तारेसाठी, त्यामुळे उजेड विस्कटतो आणि डिपरवर असतानाही समोरच्याला अप्परच वाटतो. दुसरा तोटा तुमचाच आहे. बॉनेटपुढचे पंधरा-वीस मीटर लख्ख दिसतात, त्या उजेडाने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. ट्रॉली असते लांब.

१००/९० चं दुखणं वेगळं. मूळ डिपर एका बल्बला साधारण साडेचार अँपिअर घेतो, हा साडेसात. जुन्या वायरिंगवर होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो. तोपर्यंत रिफ्लेक्टरचा मुलामाही उडायला लागतो.

तुमचा उजेड कमी असेल तर खरं कारण बहुतेक वेळा व्होल्टेज असतं. इंजिन चालू, डिपर चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर मोजा, मग हेडलाइटच्या होल्डरमागे. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंगचा (वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा) बोल्ट सोडून पत्रा घासून घ्या, तरीही राहिला तर रिले किट (बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारे स्विच) बसवा. बॅटरीपासून २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, अप्परला एक रिले आणि डिपरला एक. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो. मूळ वॅटचेच चांगले बल्ब आणि रिले, एवढ्यावर फरक डोळ्यांना जाणवतो.

बल्बच्या काचेला बोट लावू नका. तेलकट ठसा राहिला की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. दोन्ही बल्ब एकदमच बदला.

पांढरी_रेघ:

फोकस घरी सेट होतो. सपाट जागा आणि समोर भिंत लागते. टायरमध्ये हवा बरोबर, डिकी रिकामी, चालकाच्या सीटवर कुणीतरी बसवा. डॅशबोर्डवर लेव्हलरचा (हेडलाइटचा उजेड वर-खाली करणारा) गोल स्विच असेल तर शून्यावर.

हेडलाइटच्या मध्यबिंदूची जमिनीपासून उंची मोजा. समजा ६५ सेंमी आली. भिंतीवर त्याच उंचीला आडवी चिकटपट्टी लावा आणि गाडी भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर आणा. डिपर लावा. उजेड जिथे तुटतो त्या रेषेचा उजवीकडचा सपाट भाग पट्टीच्या ५ सेंमी खाली हवा. हा झाला एक टक्का उतार. उंची ६५ असेल तर अशा डिपरचा उजेड साधारण ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. भिंतीवर एकच सेंटिमीटर वर गेलात की ८० मीटर, खाली गेलात की ५४. म्हणून अंदाजाने करू नका, टेप घ्या. काही गाड्यांच्या हेडलाइटवरच १.० किंवा १.२ टक्के छापलेलं असतं, तसं असेल तर तेच धरा.

एका वेळी एकच दिवा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा. फोकसचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, बघायचं, मग पुढचा.

मागे तीन माणसं आणि डिकीत पोती असली की मागचं बसतं आणि नाक वर उचलतं. लेव्हलर आहे तो त्यासाठीच. लोक विकत घेतल्यापासून त्याला हात लावत नाहीत, आणि भरलेली गाडी डिपरवर असूनही समोरच्याच्या डोळ्यांत जाते.

हेडलाइटची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर उजेड आतच विखुरतो. १०००, २०००, ३००० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासा आणि वरून यूव्ही क्लिअर कोट मारा. नुसत्या टूथपेस्टने काही आठवडे चमकते, पुन्हा पिवळी.

घाटवाट:

आता वेगाचं. मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे, बल्बमध्ये नाही.

६० च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक. एकूण ४५. डिपरच्या ६५ मीटरमध्ये बसतं. ८० ला हेच ३३ अधिक ३६, म्हणजे ६९. ट्रॉली उजेडात येईल तेव्हा वेळ गेलेली असेल. डिपरवर साठाच्या आत, आणि रस्त्यावर मळी किंवा चिखल सांडलेला असेल तर पन्नासच्याही खाली.

समोरचा अप्परवर असेल तर: त्याचा दिवा लांब असतानाच आपण आधी खाली करायचा. तो करत नसेल तर एकदाच लुकलुकवायचा. नाही केलं तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आणा, पट्टी नसेल तर डांबराच्या कडेवर. त्याच्या दिव्याकडे बघायचंच नाही. सूड म्हणून आपण अप्पर ठेवला तर ८० आणि ८० च्या दोन गाड्या दर सेकंदाला ४४ मीटर जवळ येतात आणि दोन्ही चालकांना दिसत नसतं. मध्ये सायकलवाला असेल तर त्याला कुणीच बघत नाही.

गाडी ओलांडून गेली तरी डोळे सावरायला काही सेकंद जातात. तेवढ्यात वेग वाढवू नका, ओव्हरटेक तर नकोच. त्या गाडीमागच्या अंधारातच माणूस रस्ता ओलांडत असतो.

दुसऱ्याच्या मागे असतानाही डिपरच. पुढच्याच्या तीन आरशांतून तुमचा अप्पर त्याला लागतो. तुम्हाला मागून कुणी त्रास दिला तर आतल्या आरशाखालची कळ ओढा, आरसा रात्रीच्या स्थितीत जातो.

पुढची काच आतून पुसा, हे राहूनच जातं. डॅशबोर्डच्या प्लास्टिकची वाफ बसून पातळ थर होतो आणि समोरचा दिवा त्यावर पसरतो. रात्रीसाठी विकतात ते पिवळे चष्मे घेऊ नका, ते उजेड कमीच करतात. दिव्याभोवती वलयं दिसत असतील तर डोळे तपासा, मोतीबिंदूची सुरुवात अशीही कळते.

मागचा_दिवा:

ट्रॅक्टरच्या बाजूनेही लिहिलं पाहिजे, कारण ट्रॉलीवाल्याला शिव्या देऊन ट्रॉली दिसत नाही.

ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर असतो, पण ऊस फाळक्याच्या बाहेर दोन-तीन फूट येतो आणि पाचट त्यावर लोंबतं. मग रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. उपाय स्वस्त आहे. दोन फूट लांब फळी, तिच्यावर ५० मिमी रुंद लाल रिफ्लेक्टिव टेप, दोन टोकांना साखळी, आणि मोळ्या बांधलेल्या शेवटच्या दोरावर बाहेरून अडकवायची. ऊस खाली करताना काढायची, भरल्यावर लावायची. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीच्या मागे. दोन्ही अंगांना पिवळी टेप, पुढे पांढरी. टेपवर चिखल बसला की ती मेली, म्हणून कारखान्याच्या नंबरात उभं असताना फडकं मारायचं. ट्रॅक्टरच्या सॉकेटमधून १२ व्होल्टची लाल एलईडी पट्टीही ओढता येते, पण दोन ट्रॉल्यांमधली जोडवायर सैल ठेवा, वळणावर ताणून तुटते.

स्वच्छ टेप डिपरच्या उजेडातही लांबून चमकते. गावातल्या ऊसतोड टोळीला चार फळ्या करून देणं बल्बपेक्षा स्वस्त पडेल.

आणि पंक्चर काढायला लावलेले दगड काम झाल्यावर कृपया उचला. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यातच राहतात, आणि मोटारसायकलवाला त्यावर जातो.

कलम_बघा:

गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ (४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरून गाडी येताना दिवा खाली करणं हा नियमच आहे, उपकार नाही. रस्त्यात बिनदिव्याची बंद ट्रॉली दिसली तर पुढे सुरक्षित जागी थांबून ११२ ला कळवा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. जवळच्या गावाचं नाव आणि किलोमीटरचा दगड सांगा.

रातपाळी:

मोजून आलो. बॅटरीवर १३.९, होल्डरला १२.६. भिंतीवर उजव्या दिव्याची रेषा पट्टीच्या १ सेंमी वर, डाव्याची ९ सेंमी खाली. म्हणजे माझाच उजवा दिवा समोरच्यांच्या डोळ्यांत जात होता. आधी काय करू?

वायरमन_कराड:

१.३ व्होल्टचा फरक म्हणजे मिळायला हवा त्याच्या पाऊण भागही उजेड मिळत नाही. आधी अर्थिंग, मग रिले. उजवा बल्ब काढून बघा, तीन कानांपैकी एक खाचेत बसलेला नसेल, म्हणून रेषा वर गेली. स्प्रिंगची क्लिप दोन्ही बाजूंनी अडकली पाहिजे. नवे बल्ब बसवा आणि फोकस सगळ्यात शेवटी, कारण बल्ब बदलला की रेषा पुन्हा सरकते. तोपर्यंत उजव्या दिव्याचा स्क्रू फिरवून रेषा पट्टीखाली आणून ठेवा, आज रात्रीच निघायचं असेल तर निदान तेवढं.