पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये बिल्डच्या वेळी स्क्रिप्टने केलेला बदल कंटेनरमध्ये दिसत नाही

प्रश्न

नमस्कार. चाचणी सर्व्हरसाठी मी पोस्टग्रेस १६ (डेटाबेस) च्या अधिकृत डेबियन डॉकर इमेजवरून, म्हणजे कंटेनर ज्यावरून सुरू होतो त्या तयार साच्यावरून, आमची इमेज तयार करतो आहे. अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ घेणाऱ्या क्वेरी लॉगमध्ये याव्यात, म्हणून ‘लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट’ ही सेटिंग ५०० करायची आहे. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बनवण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये, एक शेल स्क्रिप्ट कॉपी करून ती ‘रन’ने चालवतो. ती डेटा डिरेक्टरीतील ‘पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ’ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘सेड’ने (मजकूर शोधून बदलणारी कमांड) ओळ बदलते आणि शेवटी ‘बदल पूर्ण’ असे छापते. बिल्ड विनातक्रार होते, पण कंटेनरमध्ये किंमत -१ (म्हणजे ही नोंद बंद) च राहते. कॅशे बंद ठेवून तीनदा बिल्ड केले, तरी फरक नाही.

पहिले उत्तर

तुम्ही जी फाइल बदलू पाहता, ती बिल्डच्या वेळी अस्तित्वातच नसते. या इमेजमधील डेटा डिरेक्टरी रिकामी असते. कंटेनर पहिल्यांदा सुरू झाला की एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट (कंटेनर सुरू होताना चालणारी) ‘इनिटडीबी’ ही नवी डेटा डिरेक्टरी घडवणारी कमांड चालवते आणि तेव्हा कुठे ती फाइल जन्माला येते. तरीही बिल्ड यशस्वी ठरते, कारण स्क्रिप्टचा एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा आकडा, शून्य म्हणजे यश) हा तिच्यातील शेवटच्या कमांडचा असतो आणि तुमची शेवटची कमांड केवळ मजकूर छापते. स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -ई’ लिहा, म्हणजे ‘सेड’ अडखळताच बिल्ड थांबेल.

बदल करायचा तो ‘/यूएसआर/शेअर/पोस्टग्रेसक्यूएल’मधील नमुना फाइलमध्ये, म्हणजे ‘पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ.सॅम्पल’मध्ये करा, ‘इनिटडीबी’ तिच्यावरूनच खरी फाइल घडवते. अधिकृत डॉकरफाइलही ‘लिसन_अ‍ॅड्रेसेस’ या सेटिंगसाठी हेच करते.

दुसरे उत्तर

वरील उत्तर बरोबर आहे, त्याला एक जोड देतो. कोणी बिल्डमध्येच ‘इनिटडीबी’ चालवायचा विचार करत असेल, तर तो सोडून द्यावा. आवृत्ती १६ च्या इमेजमध्ये डेटा डिरेक्टरी ‘व्हॉल्यूम’ (इमेजबाहेर ठेवलेली साठवण) म्हणून घोषित आहे. अशा डिरेक्टरीत नंतरच्या पायऱ्यांनी केलेले बदल डॉकरचा जुना बिल्डर टाकून देतो, तर नवा बिल्डर बिल्डकिट ते ठेवतो. लिनक्सवर डॉकर इंजिन २३.० पासून (वर्ष २०२३) बिल्डकिट आपोआप वापरला जातो, त्यामुळे एकाच डॉकरफाइलचा परिणाम दोन यंत्रांवर वेगवेगळा निघू शकतो, आणि असा दोष शोधण्यात माणसाचा अख्खा दिवस जातो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. बिल्डचा सगळा मजकूर दाखवणारा ‘--प्रोग्रेस=प्लेन’ हा पर्याय देऊन बिल्ड केल्यावर ‘सेड’ची ‘अशी फाइल नाही’ ही तक्रार स्पष्ट दिसली. आता नमुना फाइल बदलतो आहे आणि ‘सेट -ई’ही लिहिले आहे. कुठेही त्रुटी येत नाही, तरी किंमत -१ च आहे. ‘सेड’ला दिलेल्या माझ्या शोध-पॅटर्नची सुरुवात ‘^लॉग_मिन’ अशी आहे (^ म्हणजे ओळीचा आरंभ).

तिसरे उत्तर

नमुना फाइलमध्ये ती ओळ # या चिन्हाने सुरू होते, त्यामुळे तुमचा पॅटर्न कुठेच जुळत नाही. काहीही जुळले नाही तरी ‘सेड’ शून्यच परत करतो, म्हणून ‘सेट -ई’चा इथे उपयोग होत नाही. पॅटर्न ‘^#?लॉग_मिन’ असा करा (#? म्हणजे # असो वा नसो), ‘सेड’ला मोठ्या लिपीतील ‘-E’ म्हणजे विस्तारित रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय द्या, आणि लगेच पुढच्या ओळीत नवी ओळ ‘ग्रेप’ने (मजकूर शोधणारी कमांड) शोधा; ती सापडली नाही तर बिल्ड तिथेच मोडेल. अधिकृत डॉकरफाइलमध्येही ‘सेड’च्या पाठोपाठ ‘ग्रेप’ आहे, आणि ती सवय उचलण्याजोगी आहे.

शिवाय कंपोजमधील (कंटेनर चालवण्याचे डॉकरचे साधन) जुना नाव दिलेला व्हॉल्यूम तसाच असेल, तर ‘इनिटडीबी’ पुन्हा चालणार नाही आणि नमुना फाइलकडे कोणी पाहणारही नाही. चाचणीचा डेटा असेल तर व्हॉल्यूम काढून टाका. डेटा जपायचा असेल तर पोस्टग्रेसमध्येच ‘ऑल्टर सिस्टिम’ कमांडने किंमत बदलून, सेटिंग पुन्हा वाचणारे ‘पीजी_रीलोड_कॉन्फ’ चालवा. या सेटिंगला रीस्टार्ट लागत नाही.

प्रश्नकर्ता

‘ग्रेप’ची ओळ घातली, तेव्हा पहिल्याच फेरीत बिल्ड मोडले, कारण मी पॅटर्न एकाच ठिकाणी दुरुस्त केला होता. दुसरीकडेही सुधारून नव्या व्हॉल्यूमवर कंटेनर सुरू केला आणि ‘शो’ कमांडने आता ५०० मिलिसेकंद दाखवले.